गॉब्लिन पळून का जातो?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत साध्या गॉब्लिनकडे फक्त ७ हिट पॉइंट असतात. तलवारीचा एक बरा वार बसला की संपला. पण त्याच्या वर्णनात आणखी एक ओळ आहे: हल्ला करून त्याच दमात तो लपू शकतो किंवा निसटू शकतो. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की त्याने कसं लढावं ते वेगळं सांगावं लागत नाही. झुडपाआडून बाण मारायचा, लपायचं, जागा बदलायची.

हा खेळ माहीत नसेल तर: चार-पाच जण नायक होतात, एक जण डन्जन मास्टर होतो आणि उरलेलं सगळं जग चालवतो, राक्षसांसकट. आमच्या दोंडाईच्याच्या ग्रुपमध्ये ते काम माझ्याकडे आहे. गॉब्लिन अर्धे मेल्यावर उरलेले जंगलात शिरले की कुणीतरी ओरडतंच, "पयी गयात!" आवाजात थोडी निराशा असते. राक्षसाने मरेपर्यंत लढावं अशी आपली अपेक्षा असते. ही अपेक्षा आली कुठून?

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ काढला. दोघंही युद्धखेळांतून आलेले. तिथे सैन्य शेवटच्या माणसापर्यंत लढत नाही, त्याआधीच धीर सुटतो. १९८१ च्या बेसिक संचात प्रत्येक राक्षसाला 'मोराल'चा आकडा होता: कोबोल्ड ६, गॉब्लिन ७, झॉम्बी १२. पहिला साथीदार पडला की दोन फासे टाकायचे. बेरीज आकड्यापेक्षा जास्त आली की राक्षस माघार घेतो. दोन फाशांत १२ च्या वर जाता येत नाही, म्हणून झॉम्बी कधीच पळत नाही. त्याला गमवायला जीवच नाही. शिवाय भेट झाल्याबरोबर वेगळे फासे: हा हल्ला करणार, बिचकणार, की बोलायला तयार होणार?

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीत मोरालचा आकडा गेला. प्रोग्रामरला हे लगेच कळेल. बाहेर पडायची अट लिहिली नाही तर लूप हिट पॉइंट शून्य होईपर्यंत चालतो. सगळेच झॉम्बी झाले. राक्षसांना पुन्हा डोकं द्या, हे सांगायला २०१९ मध्ये कीथ अम्मनला अख्खं पुस्तक लिहावं लागलं.

मधल्या काळात, नोव्हेंबर १९८७ च्या 'ड्रॅगन' मासिकात, संपादक रॉजर मूर यांनी टकर नावाच्या डन्जन मास्टरच्या कोबोल्डांबद्दल लिहिलं. खेळातले सगळ्यात दुबळे प्राणी. पण अरुंद बोगदे, आग आणि भिंतीतल्या फटींतून येणारे बाण यांच्या जोरावर ते कसलेल्या नायकांना रडकुंडीला आणत. मराठी माणसाला यात नवल नाही. फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज अशीच कोंडली गेली होती. या पद्धतीला आपण गनिमी कावा म्हणतो, आणि गनीम म्हणजे शत्रू. मुघलांच्या लेखी गनीम मराठे होते. म्हणजे समोरच्याच्या वहीत राक्षस आपण होतो.

वही कुणाची, हा प्रश्न खानदेशात जास्त टोचतो. दोंडाईच्याहून शहाद्याकडे निघालं की सारंगखेड्याला तापी ओलांडायची, पुढे सातपुडा. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला तेव्हा या डोंगरांतले भिल्ल कागदोपत्री लुटारू ठरले. छापा घालतात, डोंगरात गायब होतात. पण त्यांचे नाईक पिढ्यान्‌पिढ्या घाट राखत आणि त्याबदल्यात ठरलेले हक्क घेत. अंदाधुंदीत हे हक्क बुडाले. छाप्यामागचं कारण हे होतं. नुसत्या फौजेने काम होईना, तापाने शिपाई आजारी पडत. मग हक्क, पेन्शनी, माफी यांची भाषा सुरू झाली आणि १८२५ मध्ये लेफ्टनंट जेम्स औट्रमने भिल्लांचीच पलटण उभारली. धरणगाव तिचं ठाणं. तो त्यांच्याबरोबर शिकारीला जाई. हत्याराआधी बोलणं, हा फासा उशिरा का होईना टाकला गेला. अर्थात साम्राज्याच्या सोयीसाठी.

त्याच व्यवस्थेत खाज्या नाईक सेंधव्याचा घाट राखत होता. १८५७ मध्ये तो इंग्रजांविरुद्ध उठला. माणूस तोच, घाट तोच, वाटाही तशाच पाठ. वहीतला रकाना तेवढा बदलला. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला भिल्ल पळाले नाहीत, खडकांच्या आडोशाने लढले. त्यांच्याबरोबर बायकाही होत्या. लढाईनंतर पकडलेल्या कित्येक पुरुषांना झटपट लष्करी खटले चालवून गोळ्या घातल्या गेल्या, बायकांना कैद झाली. शरण जायची वाट किती उघडी होती, ते यातून दिसतं. मोरालचा आकडा इथे काय कामाचा? पाठीशी घरची माणसं असतील आणि समोरच्याच्या शब्दावर भरवसा नसेल, तर ७ चे १२ व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून राक्षस टेबलावर आणण्याआधी मी चार गोष्टी लिहून ठेवतो: तो काय राखतोय, त्याची पळायची वाट कुठे आहे, शरण आला तर त्याचं काय होईल, आणि त्याला राक्षस म्हटलं कुणी. पहिल्या तिघांवरून त्याची लढाई ठरते. चौथ्याचं उत्तर शोधताना माझे खेळाडू कधीकधी तलवार म्यान करतात.