नोर्गेलिंग : धानपट्ट्यातील तिबेट

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगाव आणि प्रतापगड या गावांच्या परिसरात 'नोर्गेलिंग' ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. पंचक्रोशीत मात्र 'तिबेट कॅम्प' एवढे सांगितले की पुरते. १९७२ मध्ये वसलेली ही महाराष्ट्रातील तिबेटींची एकमेव शेतीप्रधान वसाहत होय. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्यामुळे धरमशाला येथील निर्वासित प्रशासनाच्या बोलण्यात ही वसाहत अजूनही 'भंडारा' म्हणून येते. ज्यांचा मूळ पत्ता हरवला, त्यांचा दुसरा पत्ताही असा बदलत गेला.

मार्च १९५९ मध्ये ल्हासातील उठाव चिरडला गेला आणि दलाई लामा भारतात आले. त्यांच्यामागोमाग सुमारे ऐंशी हजार तिबेटी हिमालय ओलांडून आले. आसामातील मिसामारीसारख्या छावण्या आणि नंतर डोंगराळ भागांतील रस्त्यांची खडी फोडण्याचे काम, अशी त्यांची पहिली वर्षे गेली. पुढे राज्याराज्यांनी जमिनी दिल्या. कर्नाटकात बायलाकुप्पे, ओडिशात चंद्रगिरी, आजच्या छत्तीसगडमध्ये मैनपाट आणि काही वर्षांनी विदर्भात नोर्गेलिंग.

ल्हासा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. तेथील उन्हाळा आपल्याकडच्या हिवाळ्यासारखा. उलट पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पावसाळ्यात बांध्यांमध्ये गुडघाभर चिखल असतो. मेंढ्या-याक राखणाऱ्या आणि जव पिकविणाऱ्या माणसांना येथे धानाचे परे टाकणे आणि रोवणी करणे शिकावे लागले. हिवताप आणि क्षय यांनी सखल प्रदेशातील तिबेटी वसाहतींना पहिल्या काळात बराच त्रास दिला.

घरची आठवण बहुधा ताटातून येते. तिबेटींचे रोजचे अन्न 'त्साम्पा', म्हणजे भाजलेल्या जवाचे पीठ. धानपट्ट्यात जव होत नाही, म्हणून ते बाहेरून आणावे लागते. मीठ घालून घुसळलेला लोण्याचा चहाही असाच. (त्याला 'याकच्या लोण्याचा चहा' म्हणण्याची रीत आहे, वास्तविक याक हा नर, दूध देणारी मादी ती 'द्री'.) येथे तो गाई-म्हशींच्या लोण्याचा करून घेतात. थुक्पा आणि मोमो मात्र सुखाने रुळले. मोमो तर आता विदर्भातील शहरांतही हातगाडीवर मिळतो.

पावसाच्या भरवशावरील शेतीत भागत नाही, म्हणून येथील अनेक कुटुंबांचा दुसरा आधार गरम कपड्यांचा. लुधियानासारख्या ठिकाणांहून स्वेटर आणून हिवाळ्यात शहरोशहरी दुकाने मांडायची, हा देशभरातील तिबेटींचा परिचित व्यवसाय. दिवाळीला गावोगावची माणसे घरी परततात, त्याच सुमारास कॅम्पमधील कर्ती माणसे घर सोडतात आणि मागे वृद्ध व लेकरे राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये 'लोसार' हे तिबेटी नववर्ष येते, तेव्हा घरे पुन्हा भरतात.

रोजच्या जाचात कागदपत्रांचा वाटा मोठा आहे. भारताने तिबेटींना आश्रय दिला. पण कायद्याच्या दृष्टीने ते परदेशी नागरिक. प्रत्येकाला नोंदणी प्रमाणपत्र जवळ बाळगावे लागते आणि मुदत संपली की त्याचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. परदेशी जायचे तर पारपत्राऐवजी पिवळ्या मुखपृष्ठाचे ओळखपत्र मिळते. शिवाय भारतात परतण्यास हरकत नाही, असा शिक्का लागतो. अनेक विमानतळांवरील अधिकाऱ्यांना ही पिवळी पुस्तिका म्हणजे काय, हेच आधी समजावून सांगावे लागते.

नागरिकत्वाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती १९५५ च्या कायद्यानुसार जन्माने भारतीय ठरते. हा नियम तिबेटींनाही लागू असल्याचे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये स्पष्ट केले. परंतु २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पारपत्रासाठी अटी घातल्या : नोंदणी प्रमाणपत्र परत करावे, निर्वासित म्हणून मिळणारे लाभ सोडावेत आणि तिबेटी वसाहतीत राहू नये. म्हणजे ज्या घरात जन्म झाला, ते घर सोडल्यावर जन्माचा हक्क मिळणार. काहींना दुसरीच शंका सतावते : भारतीय झालो, तर तिबेटवरील आपला दावा ढिला होईल काय? त्यामुळे पात्र असूनही कित्येकांनी अर्ज केला नाही.

नागपूरच्या दीक्षाभूमीमुळे विदर्भ हा बौद्धांचा प्रदेश म्हणून ओळखला जातो. तिबेटींना त्यामुळे येथे परकेपणा वाटत नसेल, असा समज होतो. तो अर्धाच खरा आहे. १९५६ च्या धम्मक्रांतीतून आलेला येथील बौद्ध समाज आणि लामांच्या परंपरेतील तिबेटी यांच्यात बुद्ध समान असला, तरी विधी, भाषा आणि इतिहास वेगळे आहेत.

तिबेटीत मायभूमीला 'फायुल' म्हणतात. शब्दशः वडिलांचा देश. नोर्गेलिंगमध्ये जन्मलेल्या पिढीने हा देश पाहिलेला नाही. शिक्षण-नोकरीसाठी ती बंगळुरू, दिल्ली आणि तेथून युरोप-अमेरिकेकडे जात आहे. या मुलांना दूर गेल्यावर जे घर आठवते, त्यात हिमशिखरे नसतात. धानाच्या बांध्या, इटियाडोहचे पाणी आणि गोठणगावचा बाजार असतो.