थ्राल, रीग आणि मनू

व्हायकिंग म्हटले की आपल्या तरुणांना वेब सिरीजमधले शूर दर्यावर्दी आठवतात. पण त्यांच्या गोठ्यातले शेण कोण उचलत होते? ते काम थ्राल करत. थ्राल म्हणजे गुलाम. आयर्लंड-स्कॉटलंडमधून माणसे पकडून आणली जात, डब्लिनच्या बाजारात विकली जात. दासीचे मूल दासच. थ्रालला कुणी ठार मारले तर भरपाई मालकाला मिळे, जनावर मेल्यावर मिळावी तशी.

या व्यवस्थेलाही देवाचा आधार होता. 'रीगस्थुला' या जुन्या नॉर्स काव्यात रीग नावाचा देव तीन घरी मुक्काम करतो आणि तीन मुले जन्मतात: थ्राल, कार्ल, यार्ल. थ्राल काळा, पाठीत वाकलेला. त्याच्या वाट्याला शेणखत आणि डुकरे. कार्ल शेतकरी. यार्ल गोरा सरदार. देव अक्षरे शिकवतो ती यालाच. थ्रालच्या मुलांची नावेही हिणवणारी, एकाचे तर 'गोमाशी'. शूद्राचे नाव तुच्छतादर्शक असावे हा मनूचा नियम आठवला ना?

थ्रालांनी हे मुकाट सोसले असेही नाही. इ.स. ८७४ च्या सुमारास आइसलँडमध्ये ह्योरलेइफ नावाच्या वसाहतकाराकडे बैल एकच होता, म्हणून त्याने आयरिश गुलामांना नांगराला जुंपले. गुलामांनी त्याला ठार केले आणि जवळच्या बेटांवर पळाले. तिथे त्यांना शोधून मारले गेले. पण ती बेटे आजही त्यांच्याच नावाने, 'वेस्टमन' म्हणजे पश्चिमेकडच्या माणसांची बेटे म्हणून, ओळखली जातात.

आता मुख्य फरक. नॉर्वेच्या जुन्या कायद्यात थ्रालला मुक्त करण्याची रीत होती. मुक्तीनंतरही तो जुन्या मालकाच्या बंधनात राही, पण पिढ्यांनंतर ते बंधन संपे. १३३५ मध्ये स्वीडनचा राजा माग्नुस एरिकसन याने वेस्टरयोटलांड आणि वेरेंड या प्रांतांसाठी फर्मान काढले: ख्रिस्ती आईबापांचे मूल गुलाम असणार नाही. यात मालकांची दया कमी, हिशेब जास्त. गुलाम पोसण्यापेक्षा कुळांना जमीन देणे परवडू लागले होते. तरी दार उघडले.

मनूने ते दारच ठेवले नाही. आठव्या अध्यायात तो सांगतो की मालकाने सोडले तरी शूद्र दास्यातून सुटत नाही, कारण दास्य त्याच्या स्वभावातच आहे. तिकडे दास्य मालकाच्या हाती होते, इकडे ते जन्मालाच चिकटवले. म्हणून कुणा मालकाच्या दयेने आपली सुटका होणार नव्हती. २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तो ग्रंथच जाळावा लागला, तो यासाठी.

जय भीम!