वेस, शीव आणि पाच ओळींची फाईल

कळंबहून बोलतोय. धाराशिवकडचं कळंब नाही, यवतमाळचंही नाही. आमचं कर्जत तालुक्यातलं, नेरळवरून आत आलात की लागतं ते. आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल. कॉम्प्युटरने नेटवर्कला कसं जोडून घ्यायचं, हे ज्या साध्या मजकुराच्या फाईलीत लिहिलेलं असतं, त्या फाईलीचा इतिहास. पण थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका. यातला एक चांगला तुकडा मुंबईत, जुहूला घडलाय.

आधी फाईल कशी असते ते ऐका. डेबियन नावाचं लिनक्स आहे. त्यात 'ईटीसी' फोल्डर, त्याच्या आत 'नेटवर्क', आणि त्यात 'इंटरफेसेस' नावाची फाईल. उघडली की पाचेक ओळी. पहिली ओळ: ऑटो ईथ-झिरो, म्हणजे मशीन सुरू झालं की हे नेटवर्क कार्ड आपोआप चालू कर. दुसरी: आयफेस ईथ-झिरो आयनेट स्टॅटिक, म्हणजे याचा पत्ता मी देतोय, कुणाला विचारत बसू नकोस. मग ॲड्रेस १९२.१६८.१.२०. मग नेटमास्क २५५.२५५.२५५.०. शेवटी गेटवे १९२.१६८.१.१. संपली फाईल.

गावाच्या भाषेत सांगतो. ॲड्रेस म्हणजे तुमचा घर नंबर. नेटमास्क म्हणजे गावाची शीव: कुठपर्यंतची घरं आपली आणि कुठून पुढे परगाव सुरू. आणि गेटवे म्हणजे वेस. परगावी जायचं तर वेशीतूनच जायचं. वेस कुठे आहे तेच माहीत नसेल तर माणूस गावातल्या गावात फिरत राहतो. कॉम्प्युटरचंही अगदी तसंच होतं: शेजारच्या मशीनवर प्रिंट निघते, पण गूगल उघडत नाही.

आता मागे जाऊ. १९८६ साली आपल्याकडे अर्नेट नावाचा प्रकल्प सुरू झाला. केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएससी आणि जुहूची एनसीएसटी, असे आठ जण, आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची मदत. एनसीएसटीचे प्रमुख होते डॉ. श्रीनिवासन रमाणी. जुहू आणि पवई, म्हणजे एनसीएसटी आणि आयआयटी मुंबई, यांच्यात साध्या टेलिफोन लाईनवरून ईमेल जायला लागली. हो, डायल करून! एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला फोन लावायचा, साठलेल्या मेल द्यायच्या-घ्यायच्या आणि फोन ठेवायचा. या पद्धतीचं नाव यूयूसीपी.

यूयूसीपीच्या काळात नेटवर्कची फाईल कशी असायची, ऐका. एका ओळीत एक दोस्त. त्याचं नाव, त्याला कोणत्या वेळी फोन लावायचा, कोणत्या मोडेमवरून, किती वेगाने, आणि मग चक्क त्याचा फोन नंबर. पुढे त्याने 'लॉगिन' विचारलं की काय उत्तर द्यायचं, तेही. वेळेचा रकाना मला फार आवडतो. ट्रंककॉल महाग, म्हणून रात्री लावायचा असेल, तर तेही फाईलीतच लिहायचं. आपण रात्री बारानंतर फुकट टॉकटाईमची वाट बघायचो ना, त्याचे हे आजोबा.

आणि मशीनची नावं कोण लक्षात ठेवायचं? तिथेही एक फाईलच होती. अमेरिकेतल्या अर्पानेटवरच्या सगळ्या कॉम्प्युटरांची नावं आणि पत्ते 'होस्ट्स' नावाच्या एकाच यादीत असायचे. ती यादी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांच्या सहकारी सांभाळायच्या. नवं मशीन आलं की त्यांना कळवायचं, त्या यादीत भर घालणार, बाकीचे यादीची नवी प्रत उतरवून घेणार. यादी फुगत गेली, तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं. त्याच वर्षी बर्कलेच्या युनिक्समध्ये 'आयएफकॉन्फिग' ही आज्ञा आली. आज्ञा द्या, कार्डाला पत्ता मिळतो. मशीन बंद केलं की तो गेला. म्हणून ती आज्ञा सुरुवातीच्या एका स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवायची. आपली पाच ओळींची फाईल याच सवयीतून आली.

डीएनएसमुळे आपल्यालाही नाव मिळालं. १९८९ साली 'डॉट इन' नोंदलं गेलं आणि त्याचा कारभार बरीच वर्षं त्या जुहूच्या एनसीएसटीतूनच चालला.

मग १९९५. १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, आणि २४ ऑगस्टला विंडोज ९५ बाजारात आलं. दोन्ही गोष्टींत फक्त नऊ दिवसांचं अंतर. विंडोजने त्या ओळी उचलून चौकटींमध्ये टाकल्या: इथे आकडा भरा, इथे टिक करा, ओके दाबा. मी त्याला नावं ठेवणार नाही. त्या चौकटी नसत्या तर सायबर कॅफे कर्जतपर्यंत पोचलेच नसते. पण चौकटीत एक गोष्ट लिहिता येत नाही, आणि ती म्हणजे 'का'.

फाईलीत येते. ओळीच्या सुरुवातीला हॅश टाकलं की मशीन ती ओळ वाचतच नाही. ती असते माणसासाठी.

याचा अनुभव मी गावातच घेतलाय. एका अभ्यासिकेत तीन जुने कॉम्प्युटर आहेत, डेबियनवर चालणारे. एका पावसाळ्यात इंटरनेटवाल्या कंपनीने जळलेला राउटर बदलून दिला. फोनला वायफाय लागलं, पण कॉम्प्युटर गप्प. कंपनीला फोन केला तर, आमच्याकडून लाईन ओके आहे, माणूस चार दिवसांनी येईल. इकडे पोलीस भरतीच्या फॉर्मचे दोन दिवस उरलेले. फोनवर भरा म्हणाल, पण फोटो आणि सही केबीच्या हिशेबात कापायची, दाखले स्कॅन करायचे, प्रिंट काढायची. सहा-सात पोरंपोरी बाकावर बसून.

फोन का चालले? फोन वेशीवर जाऊन पत्ता मागून घेतात. त्याला डीएचसीपी म्हणतात, १९९३ पासून आहे. कॉम्प्युटरांना मात्र पत्ते लिहून दिले होते, प्रिंटर सापडावा म्हणून. मी फाईल उघडली तर सगळ्यात वर हॅश लावलेली ओळ: 'राउटर बदलला तर खालचे दोन आकडे बदला.' मराठीत! कुणी लिहिली, आजवर कळलं नाही. नवा राउटर स्वतःला १९२.१६८.०.१ म्हणवत होता. म्हणजे ॲड्रेस आणि गेटवे, दोन्हींत तिसऱ्या आकड्याच्या जागी १ चा ०. तिन्ही मशीनवर तेच केलं, कार्ड खाली घेऊन परत वर आणलं. फॉर्म गेले.

ही 'इंटरफेसेस' फाईल वापरणारी व्यवस्था अँथनी टाउन्स यांनी लिहिली. ऑगस्ट २००० मध्ये आलेल्या डेबियन २.२ बरोबर ती लोकांच्या हातात पडली. त्याआधी प्रत्येकाने आपापली स्क्रिप्ट खरडायची, दुसऱ्याची वाचायची म्हणजे डोकेदुखी. पुढे २०१७ मध्ये उबुंटूने 'नेटप्लॅन' आणलं. फाईलच, पण तिथे ओळीआधीची मोकळी जागाही मोजली जाते, आणि टॅब दाबलेला चालत नाही. मला ते फारसं पटलेलं नाही. ज्या फाईलीत न दिसणारी चूक होऊ शकते, ती अभ्यासिकेतल्या पोराच्या हातात देताना हात अडखळतो.

आता तुमचा फोन काढा. वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर टिचकी मारा, ॲडव्हान्स्डमध्ये 'आयपी सेटिंग्ज' शोधा, 'डीएचसीपी'चं 'स्टॅटिक' करा. सेव्ह करू नका, फक्त बघा. आयपी ॲड्रेस, गेटवे, आणि नेटवर्क प्रीफिक्स लेंग्थ, तिथे बहुतेक २४ दिसेल. ही २४ म्हणजेच आपली २५५.२५५.२५५.०, आखूड करून लिहिलेली शीव. पाच ओळींची फाईल तुमच्या खिशात आहे, फक्त तिच्यावर चौकटी बसवल्यात. मूळ नोंद अँड्रॉइडने कुलपात ठेवलीय, रूट केल्याशिवाय उघडत नाही. पासवर्ड असतात त्यात, म्हणून कुलूप बरोबरच आहे. पण त्यात 'राउटर बदलला तर' असं कुणासाठी लिहून ठेवायची सोय नाही.

कुणाला हात साफ करायचा असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरचे धडे मराठीत आहेत, फुकट आहेत. जुना कॉम्प्युटर मिळाला तर त्यावर डेबियन टाका. आणि फाईल बदलण्याआधी तिची एक कॉपी करून ठेवा, नावापुढे तारीख टाकून.

पुढच्या भागात त्याच जुन्या 'होस्ट्स' यादीबद्दल बोलू. तिचं एक छोटंसं पिल्लू तुमच्या फोनमध्ये अजून जिवंत आहे. भेटू.