रिकामी बरणी

आमच्या माळ्यावर एक लाकडी फळी होती. त्या फळीवर मां रिकाम्या बाटल्या ठेवायची. (आम्ही आईला ‘मां’ म्हणायचो.) औषधाच्या, मधाच्या, आणि कुवेतला गेलेल्या मामांनी आणलेल्या कॉफीच्या रुंद तोंडाच्या बाटल्या. घरात एखादी बाटली संपत आली की मांचं लक्ष आतल्या मालापेक्षा बाटलीकडेच जास्त. ‘फेकू नको रे, मे महिना यायचाय,’ असं ती डिसेंबरातच बजावायची.

तुम्ही म्हणाल, रिकाम्या बाटलीला कसला आलाय इतिहास? इतिहास भरलेल्या तिजोऱ्यांचा असतो. पण रिकाम्या बरणीचाही एक इतिहास आहे, आणि तो आपल्या समुद्रावरून, आपल्या मुंबईवरून आणि आपल्या अंगणातून गेलेला आहे.

सुरुवात शब्दांपासून करतो. आंबट-गोड फोडी साखरेत मुरतात म्हणून मुरंबा, असं लहानपणी मला वाटायचं. पुढे कळलं की तो अरबी ‘मुरब्बा’. त्याचा मूळ अर्थ वाढवलेला, जोपासलेला. मुलांवर संस्कार करणं याला आम्ही ‘तरबियत’ म्हणतो, तो शब्दही त्याच क्रियापदातून आलेला. फळाला साखरेत घालणं आणि लेकराला वळण लावणं, दोन्हींना भाषेनं एकच क्रिया मानलं. मराठीनं मात्र त्यात आपलं ‘मुरणं’ ऐकलं, आणि तेही काही चुकीचं नाही.

माझी आजी चिनी मातीच्या मोठ्या बरणीला ‘मर्तबान’ म्हणायची. मर्तबान हे ब्रह्मदेशातल्या एका बंदराचं नाव. तिथून झिलई दिलेल्या मोठाल्या बरण्या जहाजांत चढत आणि देशोदेशी जात. गावाचंच नाव भांड्याला पडलं. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता याच्या सफरनाम्यात या बरण्यांचा उल्लेख आहे. पूर्वेकडच्या एका राजकन्येनं त्याला चार मर्तबान भेट दिले. त्यांत आलं, मिरी, लिंबं आणि आंबे होते, समुद्रप्रवासासाठी खारवलेले. म्हणजे सहाशेहून अधिक वर्षांपूर्वीही आंबा बरणीत बसून गलबतावर चढत होता. आतला आंबा संपल्यावर ती बरणी कोणी समुद्रात फेकली नसणार. तिच्यात पुढे पाणी भरलं असेल, तेल भरलं असेल.

काचेची गोष्ट निराळी. आपल्याकडे बांगड्यांची काच होती, पण बाटल्या बहुतेक विलायतेहून दारू, औषधं घेऊन येत. त्यामुळे रिकामी बाटली हा मुंबईत विकाऊ माल होता. सर जमशेटजी जीजीभाई यांचं नाव जे. जे. रुग्णालयामुळे आणि कलाशाळेमुळे आपल्या रोजच्या तोंडी आहे. 1783 साली जन्मलेले जमशेटजी तरुणपणी मुंबईत आले ते मामांच्या रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यात. लोक त्यांना ‘बाटलीवाला’ म्हणत. पुढची अफाट संपत्ती त्यांनी चीनच्या व्यापारात मिळवली, त्यात अफूही होती, हे विसरून चालणार नाही. पण पहिली पायरी रिकाम्या बाटलीची.

बाटलीत अन्न टिकवण्याचं तंत्र दिलं ते निकोला अपेर या फ्रेंच हलवायानं. काचेच्या बाटलीत अन्न भरायचं, बूच घट्ट बसवून तारेनं बांधायचं आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची. 1810 साली फ्रेंच सरकारनं त्याला 12 हजार फ्रँकचं बक्षीस दिलं. अन्न का टिकतं हे खुद्द त्याला सांगता आलं नाही. सूक्ष्मजंतूंचा उलगडा पाश्चरनं पन्नासेक वर्षांनी केला. 1858 मध्ये अमेरिकेत जॉन मेसन यानं आट्याच्या तोंडाच्या बरणीचं पेटंट घेतलं. रबराची चकती बदलली की तीच बरणी पुढच्या वर्षी पुन्हा तयार. लक्षावधी घरांत ती पोचली, मेसन मात्र 1902 साली गरिबीत वारला.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये जानेवारी 1940 पासून साखर रेशनवर आली, पुढच्या वर्षी जॅमही. तेव्हा तिथल्या खेड्यांतल्या महिला मंडळांनी, विमेन्स इन्स्टिट्यूटच्या बायकांनी, सरकारकडून साखर घेतली आणि वाया जाणारी फळं गोळा करून जॅम घातले. 1940 ते 1945 या काळात त्यांनी 5 हजार 300 टनांहून अधिक फळं टिकवली. बरण्यांचा तुटवडा असल्यामुळे जुन्या बरण्या धुऊन पुन्हा भरल्या जात. त्याच देशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोरं रिकामी जॅमची बरणी देऊन सिनेमा बघत, कारण बरणी परत केली की दुकानदार पैसे देई.

आपल्याकडे काचेचा प्रश्न स्वदेशीचा झाला. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा गोळा करून उद्योग उभारण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिलं, आणि 1908 साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. पुढे कराडजवळ ओगलेवाडीत ओगल्यांचा कारखाना आला, त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घराघरांत लागला. गरिबाच्या पैशातून काच ओतली गेली. असं असताना मां बाटली फेकू देत नव्हती, यात नवल काय?

बाटली नुसती विसळून चालत नाही. मां ती सोड्यानं घासायची, पातेल्यात तळाला फडकं घालून थंड पाण्यापासून उकळायची आणि उन्हात उपडी घालायची. लोणच्याची बरणी असली तर निखाऱ्यावर हिंग टाकून त्या धुरावर धरायची. जुन्या झाकणाचा वास घेऊन बघायची. लोणच्याचं झाकण जॅमला कधीच लावायचं नाही. जॅम टिकतो साखरेमुळे. साखर फळातलं पाणी धरून ठेवते, बुरशीला ते मिळत नाही. पण बरणीत एक थेंब पाणी राहिलं की वरच्या थराची साखर पातळ होते, आणि बुरशी तिथूनच शिरते. ‘एक थेंब सगळं नासवतो,’ मां म्हणायची.

आमच्या शेजारी काकू राहायच्या. दरवर्षी रायवळ आंब्यांचा जॅम घालायच्या आणि एक बरणी आमच्याकडे यायची. रिकामी बरणी परत पाठवायची नाही, ही दोन्ही घरांची रीत. पण मां तिच्यात तांदूळ घालायची, आमसुलं घालायची, कधी शिजवलेलं काही नाही. काकूंच्या सासूबाई आमच्या हातचं खात नसत, आणि मांनाही ते ठाऊक होतं. कोणी काही बोलायचं नाही. बरणी जायची, यायची. कोरा शिधा जायचा, गोड यायचं.

मग डिसेंबर 1992 आला. आमच्या गावात दगड पडला नाही, पण बोलणं थांबलं. मुंबईहून बातम्या यायच्या आणि दोन्ही घरांची दारं लवकर लागायची. काकूंची आदल्या उन्हाळ्यातली बरणी आमच्याकडेच राहिली. मांनं ती धुऊन फळीवर ठेवली होती. नेऊन द्यावी, तर जायचं कसं? न द्यावी, तर ठेवायची कशी?

मे 1993 मध्ये एका दुपारी काकू स्वतः पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘भाभी, माझी बरणी राहिलीय तुमच्याकडे. आंबे पिकलेत.’ मांनं बरणी काढली. आमसुलं संपली होती, तांदळाचा डबा तळाला गेला होता. चुलीवर मात्र तिचा स्वतःचा मुरंबा नुकताच उतरला होता. ती क्षणभर थांबली. काकूच म्हणाल्या, ‘तोच घाला. गरम आहे तोवर बरणी कोमट करून घ्या, नाहीतर तडकेल.’

काकूंनी तो घरी नेऊन खाल्ला की नाही, हे मी कधी विचारलं नाही. एवढंच सांगतो, जूनमध्ये बरणी परत आली तेव्हा ती तळापर्यंत घासलेली होती, आणि आत जॅम होता.

आता दोघीही नाहीत. दुकानातला जॅम प्लॅस्टिकमध्येही मिळतो. मी मात्र काचेची बाटली संपली की धुऊन ठेवतो. पत्नी विचारते, ‘एवढ्या बाटल्यांचं करायचं काय?’ मी सांगतो, रिकामी बरणी घरात असली की कोणाकडे तरी जायला निमित्त असतं.