लाल बोट आणि आबांचं डिझेल

नोव्हेंबर २००७. मी चौथीत होतो, भोकरला. रात्रीच्या जेवणाला टीव्ही चालू असायचा आणि बातम्या लागल्या की रिमोट आबांच्या हातात. त्या दिवशी एक लाल बोट दाखवत होते. बर्फाच्या तुकड्यांमध्ये एका कुशीवर आडवी पडलेली. दक्षिण ध्रुवाकडे सहलीला गेलेलं जहाज बुडालं, सगळे प्रवासी वाचले, एवढीच बातमी.

आबांनी विचारलं, "एवढ्या लांब कशाला मरायला गेले होते रे हे लोक?"

बाबा म्हणाले, "पेंग्विन बघायला."

आबा दोन घास गप्प जेवले. मग म्हणाले, "अन् त्यातलं डिझेल?"

कुणालाच उत्तर देता आलं नाही. पण हा प्रश्न आबांनीच विचारावा हे साहजिक होतं. त्यांचा अर्धा जन्म विहिरीवरच्या डिझेल इंजिनाशी झगडण्यात गेला. एकदा कॅन उलटून डिझेल विहिरीत गेलं होतं, आणि पुढं कितीतरी दिवस बैल त्या पाण्याला तोंड लावत नव्हते. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

परवा ऑफिसातल्या एका मित्राने अंटार्क्टिकाच्या सफरीचं माहितीपत्रक पाठवलं. छोटं जहाज, शंभर-सव्वाशे प्रवासी, पेंग्विन, सील, व्हेल. नुसत्या बोटीचंच सहा-सात हजार डॉलरपासून पुढे, विमानाचं वेगळं. "बॅचलर आहेस तोवर जाऊन ये" असा वर सल्ला. ते बघताना ती लाल बोट आठवली आणि दोन विकांत तिच्यामागे गेले. म्हटलं, आबांच्या प्रश्नाचं उत्तर तरी शोधू.

तर त्या बोटीचं नाव एक्सप्लोरर. जन्म १९६९, फिनलंडच्या गोदीत. तेव्हा नाव होतं 'लिंडब्लाड एक्सप्लोरर', कारण ती बांधून घेतली होती लार्स-एरिक लिंडब्लाड नावाच्या माणसाने. मूळचा स्वीडिश, धंदा अमेरिकेत, प्रवासी कंपनीचा. अंटार्क्टिकाला पैसे देऊन जाणारे प्रवासी त्याच्याही आधी होते. १९५० च्या दशकाच्या शेवटी चिली आणि अर्जेंटिनाने आपल्या नौदलाच्या जहाजांतून पाचशेवर लोकांना साउथ शेटलंड बेटांपर्यंत फिरवून आणलं होतं. पण जहाज मुळात रसद पोचवायला निघालेलं आणि त्यात जागा उरली म्हणून प्रवासी, असा तो प्रकार. आपल्याकडे मालाच्या टेम्पोत मागे चार माणसं बसवतात ना, तसा. लिंडब्लाडनेही १९६६ ची पहिली सफर अर्जेंटिनाच्या नौदलाचं जहाज भाड्याने घेऊनच केली, ५७ प्रवासी नेले. मग तीन वर्षांनी स्वतःची बोट काढली, आणि ती फक्त बघण्यासाठी. त्यात ना माल, ना सैनिक, ना व्हेलची चरबी. माझ्या मते सगळ्या गोष्टीतला महत्त्वाचा टप्पा हाच. दीडशे वर्षं माणूस त्या समुद्रात सील आणि व्हेल मारायला जात होता, आता त्यांना नुसतं बघण्यासाठी एक जहाज खास बांधलं गेलं.

बोट मुद्दाम लहान. शंभरेक प्रवासी, बर्फात चालेल असा मजबूत सांगाडा, आणि बरोबर हवेने फुगवायच्या रबरी बोटी. त्या झोडियाक बोटी हीच खरी युक्ती. धक्का नको, बंदर नको, दहा-बारा माणसं बसवायची आणि सरळ दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर उतरवायची. जहाजावर व्याख्यानं द्यायला खरे जाणकार, त्यात पक्षीतज्ज्ञ रॉजर टोरी पीटरसन आणि सर पीटर स्कॉट. हा पीटर स्कॉट म्हणजे ध्रुवावरून परतताना बर्फात मेलेल्या कॅप्टन स्कॉटचा मुलगा! बाप जिथे गेला त्या खंडावर मुलगा प्रवाशांना पक्षी दाखवत फिरला. आज जगभर ज्याला 'एक्सपिडिशन क्रूझ' म्हणतात तो साचा या एका बोटीने पाडला. सकाळी उतरा, दुपारी उतरा, संध्याकाळी व्याख्यान ऐका.

(अवांतर: राणीच्या बागेतले पेंग्विन बघून कुणी 'आमचं बघून झालं' म्हणत असेल तर थांबा. २०१६ मध्ये मुंबईत आणलेले ते हम्बोल्ट जातीचे, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. बर्फाशी त्यांचा काही संबंध नाही.)

बोटीची अपघातांची यादीही लांब आहे. १९७२ मध्येच ती अंटार्क्टिकात खडकावर चढली आणि प्रवाशांना चिलीच्या नौदलाने सोडवलं. दुरुस्त होऊन परत आली. १९८४ मध्ये उत्तरेकडे कॅनडाच्या डोक्यावरच्या बर्फाळ वाटेने, म्हणजे नॉर्थवेस्ट पॅसेजमधून जाणारी ती पहिली प्रवासी बोट ठरली. मालक बदलले, नाव छोटं झालं, रंग मात्र लाल तो लालच.

२२ नोव्हेंबर २००७ च्या रात्री ती किंग जॉर्ज बेटाजवळच्या ब्रान्सफील्ड सामुद्रधुनीत बर्फात शिरली. जहाज लायबेरियात नोंदलेलं, म्हणून चौकशीही त्यांनीच केली. अहवालातला निष्कर्ष वाचताना मला आमच्या प्रॉडक्शनच्या भानगडी आठवल्या. कप्तानाला बर्फाचा अनुभव होता, पण बाल्टिक समुद्रातला. अंटार्क्टिकाचा त्याला नव्हता. समोरचा बर्फ एका हिवाळ्यात गोठलेला, भुसभुशीत आहे असं तो समजला. निघाला हिमनदीचा, दगडासारखा टणक. त्यात अंधार आणि वेग जास्त. एका सर्व्हरवर चाललेलं दुसऱ्यावर चालेलच असं गृहीत धरलं की जे होतं ते झालं, फक्त इथे पाणी आत आलं. एक कप्पा भरला, तिथून पुढच्यात. प्रवासी, मार्गदर्शक, खलाशी धरून १५४ जण उघड्या लाइफबोटींत आणि झोडियाकमध्ये काही तास थंडीत बसून राहिले. नॉर्डनॉर्गे नावाच्या नॉर्वेच्या दुसऱ्या प्रवासी जहाजाने सगळ्यांना उचललं. हवा शांत होती म्हणून वाचले. वारा सुटला असता तर ही बातमी वेगळी झाली असती.

बोट सुमारे वीस तासांनी बुडाली, हजार मीटरहून जास्त खोल. आणि हो, आबा, डिझेल. पावणेदोन लाख लिटरच्या पुढे होतं, अधिक वंगण. काढता काही आलं नाही. बोटीबरोबरच खाली गेलं. वर तवंग दिसला. हलकं डिझेल असल्यामुळे बरंच उडून गेलं, पांगलं.

पण हे पहिल्यांदा झालेलं नव्हतं. जानेवारी १९८९ मध्ये बाहिया पाराइसो हे अर्जेंटिनाचं रसद जहाज अमेरिकेच्या पामर तळाजवळ खडकावर आदळलं. त्यावर ८१ पर्यटकही होते (टेम्पोतली चार माणसं!). सुमारे सहा लाख लिटर डिझेल सांडलं, तेही किनाऱ्याजवळ आणि ऐन पिल्लांच्या हंगामात. किनाऱ्यावर क्रिल मरून पडले. त्या वर्षी तिथल्या स्कुआ पक्ष्यांची पिल्लं मेली, ती डिझेलमुळेच का, यावर शास्त्रज्ञांचे वाद झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९९१ मध्ये, माद्रिद करारावर सह्या झाल्या आणि त्याच वर्षी सात कंपन्यांनी मिळून आपली संघटना काढली. एका ठिकाणी एका वेळी शंभरच माणसं उतरवायची, पाचशेहून जास्त प्रवाशांच्या जहाजाने कुणाला उतरवायचंच नाही, पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं, असे तिथले आजचे नियम. म्हणजे लिंडब्लाडने लहान बोट सोयीसाठी काढली आणि पुढे तो लहानपणाच नियम झाला. २०११ पासून तिथे जड इंधन तेल नेण्यावरही बंदी आली.

क्रिलचं नाव आलं म्हणून आपल्या मुलखातल्या बाईंकडे वळतो. कारण पेंग्विन बघायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं की तिथे खरं बघण्यासारखं आहे ते डोळ्यांना दिसत नाही. अदिती पंत, जन्म नागपूरचा, औंधच्या पंत घराण्यातल्या अप्पासाहेब पंतांची मुलगी. पुणे विद्यापीठात बी.एस्सी. करताना अॅलिस्टर हार्डी यांचं समुद्रावरचं पुस्तक हाती पडलं आणि दिशाच ठरली. मग हवाई, लंडन, आणि १९७३ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. अभ्यास प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा. त्या क्रिल खातात, क्रिल पेंग्विन खातात, व्हेलही तेच खातात. सगळा डोलारा त्या न दिसणाऱ्या हिरव्यावर. भारताची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून गुपचूप निघाली होती, २१ माणसं, डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली, 'पोलर सर्कल' या नॉर्वेकडून भाड्याने घेतलेल्या जहाजातून. ९ जानेवारी १९८२ ला ते बर्फावर उतरले. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता गेल्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या स्त्रिया. जहाज पुन्हा भाड्याचंच, फिनपोलारिस. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत पेंग्विनचे फोटो दरवर्षी येतात, या बाईंचं नाव मात्र माझ्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हतं. याचा राग येतो.

आता आकडे. १९६६ मध्ये ५७. २०२३-२४ च्या हंगामात सुमारे १ लाख २२ हजार, त्यातले ४३ हजारांच्या आसपास मोठ्या जहाजातून न उतरता नुसते बघून गेले. बोट लहान ठेवली पण लहान बोटी किती, याला आकडा कुणी घातला नाही. २०२४ च्या मे महिन्यात कोचीला अंटार्क्टिका कराराच्या देशांची बैठक झाली, तिथे पर्यटनाची चौकट ठरवायचं काम सुरू झालं. आपल्याकडे २०२२ चा अंटार्क्टिका कायदाही आहे, परवान्याशिवाय जाता येत नाही.

त्या माहितीपत्रकात एक ओळ होती. जहाजावर चढल्यावर तुमचे कपडे, बूट, बॅगा व्हॅक्यूम करून तपासले जातील, वेल्क्रोमधून बिया चिमट्याने काढल्या जातील. आधी हसलो. मग २०१२ चा एक शोधनिबंध वाचला. २००७-०८ च्या उन्हाळ्यात, म्हणजे एक्सप्लोरर बुडाली त्याच हंगामात, येणाऱ्यांचे कपडे तपासले होते. ज्यांच्या अंगावर बिया सापडल्या त्यांच्याकडे माणशी सरासरी साडेनऊ, हंगामात सुमारे ७० हजार. आणि शास्त्रज्ञांच्या अंगावर पर्यटकांपेक्षा जास्त! किंग जॉर्ज बेटावर बाहेरचं गवत रुजलेलं आहेच. आपण गाजर गवतवाले लोक, आपल्याला हे वेगळं सांगायला नको. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं, अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं म्हणतात, आणि आज आमच्या बांधावर दुसरं काही उगवत नाही.

मित्राला अजून हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. जायची इच्छा आहे, खोटं कशाला बोलू. दिवाळीला भोकरला गेलो तेव्हा आबांना डिझेलचा आकडा सांगितला. ते म्हणाले, "पावणेदोन लाख? लिटर?" आणि पुन्हा एकदा विहिरीची गोष्ट सुरू केली. संध्याकाळी शेतातून आलो तर पँटला आघाडा चिकटलेला. ओट्यावर बसून एकेक काढत मोजलं. एका पायाला एकतीस.