जॉबर, बदली आणि पगार: मुंबईच्या गिरण्यांतील कामगारभरती

मुंबईत पहिली सूतगिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली, आणि पुढची कित्येक दशके गिरणीमालक व कामगार यांची गाठ घालून देणारा जॉबर हा कागदोपत्री खात्यावर देखरेख ठेवणारा नोकर असला, तरी कामगारांचा बाजार प्रत्यक्षात त्याच्याच मुठीत होता. सुताकापडाच्या तेजीमंदीप्रमाणे माणसे कमीजास्त करणे मालकांना सोयीचे असे, आणि ती आणण्याची व काढण्याची उस्तवार जॉबरवर सोपवून ते मोकळे होत. जॉबर रत्नागिरी-साताऱ्याकडच्या गावातून, भाऊबंदांतून व चाळीतून माणसे जमवी, अडीनडीला त्यांना उसने पैसे देई किंवा सावकाराकडे जामीन राही, आणि त्या बदल्यात ‘दस्तुरी’, म्हणजे रिवाजाचे रूप आलेली लाच, घेई. वाइंडिंग व रीलिंग या बायकांच्या खात्यांत हीच सत्ता नायकिणीकडे असे. गैरहजर कामगाराच्या जागी तेवढ्या दिवसापुरता घेतला जाणारा ‘बदली’ रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राही, तेव्हा आत कोणाला घ्यायचे हेही जॉबरच ठरवी.

खात्यांची वाटणी मात्र केवळ जॉबरच्या मर्जीवर नव्हती. धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, हे कारण पुढे करून अस्पृश्य कामगारांना जास्त मिळकतीच्या विणकाम खात्यात येऊ दिले जात नसे, आणि १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. कामगारांच्या एकजुटीच्या इतिहासात या प्रसंगाला सहसा मिळते त्याहून मोठी जागा मिळायला हवी.

एकाच कामाचा दर गिरणीगणिक निराळा असे, आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात बऱ्याच उशिरा हाती पडत असल्याने सावकाराची गरज कायमची होऊन बसे. शाही मजूर आयोगाने १९३१ मध्ये भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घेण्याची शिफारस केली, मालकसंघाने १९३५ मध्ये बदलींना कार्डे देऊन त्यांची नोंद ठेवण्याची योजना आणली, आणि १९३६ च्या कायद्याने पगाराची मुदत सात किंवा, मोठ्या कारखान्यांत, दहा दिवसांवर आणली. दरांचे प्रमाणीकरण, म्हणजे समान कामाला सर्व गिरण्यांत समान दर, हे औद्योगिक न्यायालयाच्या १९४७ च्या निवाड्याने झाले; त्यात २६ दिवसांच्या कामाला किमान मूळ वेतन ३० रुपये ठरले व महागाई भत्ता राहणीमानाच्या निर्देशांकाशी जोडला गेला.

जॉबरची सत्ता ओसरली, तरी स्वस्त राखीव मनुष्यबळ मालकांना हवेच असल्याने बदली उरलाच, आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात बदलींना कायम करण्याची मागणी पगारवाढीच्या जोडीला पुढे आली.