बँडवॅगन : एका वाक्प्रचाराचा प्रवास



‘बँडवॅगनवर उडी मारणे’ हा इंग्रजी वाक्प्रचार आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचा अर्थ ‘अंधानुकरण करणे’ असा सांगून आपण मोकळे होतो. हा अर्थ मला अपुरा वाटतो. राजकारणाच्या या गाडीवर आरंभी जे चढले ते मुळीच आंधळे नव्हते, एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

बँडवॅगन म्हणजे वाजंत्र्यांची गाडी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील सर्कशी गावोगाव हिंडत. खेळापूर्वी हमरस्त्याने मिरवणूक निघे आणि तिच्या अग्रभागी कोरीव कामाची, सोनेरी मुलाम्याची ही उंच गाडी असे. वर पितळी वाद्ये वाजत. मागून पोरेसोरे मैदानापर्यंत धावत. बार्नम आणि बेली यांच्या सर्कशीसाठी बांधलेली अशी एक गाडी ओढावयास तर ४० घोडे जुंपीत. (खेळापेक्षा मिरवणूकच देखणी, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही!) बार्नम यांच्या १८५५ च्या आत्मचरित्रात हा शब्द येतो, तो मात्र निव्वळ वाहन या अर्थाने.

मग राजकारणात तो शिरला कसा? १८४८ च्या निवडणुकीत डॅन राइस या विदूषकाने झकॅरी टेलर यांना आपल्या गाडीवर बसविले आणि ते पाहून इतर पुढारीही जागेसाठी धडपडू लागले, अशी आख्यायिका सांगतात. कथा मोठी गोड आहे. परंतु राजकीय अर्थाने हा प्रयोग रुळलेला दिसतो तो शतकाच्या अखेरीस. मधल्या दीर्घ मौनाचा उलगडा ही कथा करीत नाही. मी तिच्यावर भिस्त ठेवणार नाही.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती त्या काळची नोकऱ्यांची वाटणी. निवडून आलेला पक्ष सरकारी पदे आपल्या माणसांना देऊन टाकी. १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडणारा गितो हा पद न मिळालेला असाच एक उमेदवार होता. १८८३ च्या पेंडलटन कायद्याने काही पदांना परीक्षा आली, तरी वाटणी संपली नाही. म्हणून विजय दृष्टिपथात यावा, पण जाहीर होऊ नये, अशा नेमक्या घडीला बाजू बदलण्यात खरा फायदा असे. थिओडोर रूझवेल्ट हे १८८९ ते १८९५ या काळात नागरी सेवा आयोगावर राहून याच प्रथेशी झगडले होते. पुढे न्यूयॉर्कचे गव्हर्नर असताना, १८९९ च्या एका पत्रात त्यांनी लिहिले आहे की, आपले बहुमत निश्चित झाल्यावर लोक एकमेकांवर आदळत बँडवॅगनवर चढू लागले. येथे अनुकरण कोठे आहे? हा तर रोखठोक हिशेब!

शब्द सौम्य झाला तो पुढे. १९५० मध्ये हार्वे लायबेनस्टाइन या अर्थशास्त्रज्ञाने, इतर घेतात म्हणून आपणही वस्तू घेण्याच्या वृत्तीला ‘बँडवॅगन परिणाम’ म्हटले. पदाचा इच्छुक जाऊन तेथे ग्राहक आला. त्याला काही मिळावयाचे नसते, उलट तोच पदरचे पैसे मोजतो.

या ग्राहकासाठी आपला ‘गतानुगतिक’ हा शब्द पुरेसा आहे. रूझवेल्ट यांच्या पत्रातील मंडळींसाठी मात्र मी ‘उगवत्या सूर्याला नमस्कार’ किंवा ‘वाहत्या गंगेत हात धुणे’ हेच प्रयोग वर्गात सांगत आलो आहे.